थंडीतल्या तंबूसाठी हलका स्लीपिंग पॅड कसा निवडावा: परभणीच्या गादीवाल्याचं सांगणं

परभणीत आमचं गादीचं दुकान आहे. दादा धनुकली खांद्यावर टाकून गावोगाव कापूस पिंजत फिरायचे, अब्बांनी पिंजायची मशीन बसवली, आणि मी आता कापसापेक्षा फोमच जास्त विकतो. कुणाला झोपायला काय लागतं ते सांगणं हा आमचा तीन पिढ्यांचा धंदा. असं असूनही पहिल्यांदा बर्फात झोपायची वेळ आली तेव्हा ह्या गादीवाल्याच्या पोरानं रात्र बसून काढली.

डिसेंबरातली गोष्ट. मी आणि माझा एक मित्र उत्तराखंडातल्या केदारकंठ्याच्या बर्फातल्या ट्रेकला निघालो होतो. मित्राचं जिंतूर रोडला पंक्चरचं दुकान आहे, त्याचा पुढे संबंध येणार आहे. परभणीहून सचखंड एक्सप्रेसनं दिल्ली, तिथून डेहराडून, मग जीपनं सांकरी. झोपायची पिशवी मी स्वतःची घेतली होती, 'उणे १०' लिहिलेली, चांगली फुगीर. खाली अंथरायची मॅट ट्रेकला नेणाऱ्यांनी दिली. बोटभरसुद्धा जाड नव्हती, आणि किती जणांच्या पाठीखालून गेली होती कोण जाणे, मधोमध पार चपटी झालेली. जुडा का तालाबच्या मुक्कामाला, म्हणजे साधारण २,७७० मीटरवर, रात्री पिशवीत शिरलो. वरून मस्त ऊब. तासाभरात कंबर गार, मग खांदा गार, मग असं वाटायला लागलं की कुणी पाठीखाली बर्फाची लादी सरकवतंय. कूस बदलली की दुसरी बाजू गार. दोन वाजता उठलो, सॅक रिकामी केली, सॅक, दोरी, पावसाळी जॅकेट, जे हाताला लागेल ते खाली घातलं आणि त्यावर बसून राहिलो. मित्र म्हणाला, "गादीवाल्या, तुझ्यापायी मी इथं मरायलो बघ."

घरी आल्यावर अब्बांना सांगितलं. ते सुई ओवत होते. मान वर न करता म्हणाले, "बसलेली गादी होती ना ती? बसलेल्या गादीत ऊब कुठून राहील?"

सगळं विज्ञान ह्या एका वाक्यात आहे. कापूस स्वतः गरम नसतो. त्याच्या तंतूंमध्ये हवा अडकून पडते, हलत नाही, आणि अशी अडकलेली हवा अंगातली उष्णता बाहेर जाऊ देत नाही. म्हणून तर दिवाळीनंतर लोक दडस झालेली गादी पिंजायला आणतात. कापूस तोच, वजन तेच, पिंजला की हवा परत आत जाते आणि गादी गरम होते. झोपायच्या पिशवीचंही तेच. पिशवीतली पिसं किंवा फायबर अंगावर फुगलेलं असतं, पण अंगाखाली तुमच्या वजनानं दाबून त्याचा कागद होतो. म्हणजे पाठीच्या बाजूला पिशवी असून नसल्यासारखी. तिथं जे काय राखायचं ते मॅटनंच राखायचं. आणि पिशवीवर छापलेला तो 'उणे १०'चा आकडा प्रयोगशाळेत पुतळ्याला चांगल्या मॅटवर निजवून काढलेला असतो. खालची मॅट भिकार असेल तर तो आकडा विसरा.

म्हणून दुकानात कुणी पोरगं ट्रेकला निघालंय म्हणून विचारायला आलं की मी आधी सांगतो, पैसे कमी असतील तर ते खालच्या बाजूला घाल. वरून कमी पडलं तर स्वेटर चढवता येतो, गोधडी ओढता येते. खालून कमी पडलं तर रात्री दोन वाजता कुठलं दुकान उघडं नसतं.

आता पॅड, म्हणजे ही खाली अंथरायची मॅट, घ्यायचा तर पहिल्यांदा आर-व्हॅल्यू बघायची. ह्या आकड्याचा अर्थ इतकाच की हा थर उष्णतेला किती अडवतो. आकडा मोठा, तितकी अडवणूक जास्त. पूर्वी जो तो आपापल्या पद्धतीनं मोजायचा आणि वाटेल तो आकडा छापायचा. २०१८ मध्ये एएसटीएम एफ ३३४० नावाचं एक प्रमाण ठरलं. त्यात पॅड दोन पाट्यांच्या मध्ये ठेवतात, एक पाटी ३५ अंशांवर, म्हणजे साधारण आपल्या कातडीइतकी, दुसरी ५ अंशांवर, म्हणजे जमीन. गरम पाटी तेवढीच गरम ठेवायला किती ऊर्जा लागते ते मोजलं की पॅड किती उष्णता गळू देतो ते कळतं. त्यामुळे आता दोन वेगळ्या कंपन्यांचे पॅड शेजारी ठेवून आकडे ताडून बघता येतात. विकणाऱ्यानं आर-व्हॅल्यू दिलीच नसेल, नुसतं 'उणे १५ पर्यंत चालतो' एवढंच लिहिलं असेल, तर मी तो पॅड घेत नाही. कुणाच्या अंगावर, कुठल्या पिशवीत उणे १५, हे त्यात कुठं असतं?

किती आर-व्हॅल्यू पुरेल? हे तुम्ही कुठं झोपणार त्यावर आहे. आपल्याकडची थंडी काही लुटुपुटूची नाही. परभणीचा पारा हिवाळ्यात एक आकडी होतो आणि पेपरात पहिल्या पानावर येतो. आकाश निरभ्र, हवा कोरडी, त्यामुळे दिवसभर तापलेली जमीन रात्री भराभर गार होते. तरी येलदरी धरणाच्या पाण्याकाठी किंवा म्हैसमाळच्या पठारावर एक-दोन रात्री काढायच्या असतील तर २ ते ३ पुष्कळ झालं. बर्फाच्या कडेला, शून्याच्या आसपास असेल तर ४ च्या पुढे जा. थेट बर्फावर तंबू लागणार असेल, केदारकंठ्याच्या बेसकॅम्पसारखा ३,४०० मीटरवर, तर साडेपाच-सहाच्या वर पाहिजे. ज्याला मुळातच थंडी जास्त वाजते, त्यानं ह्यात एक मिळवावा. बायकांना सहसा जास्त ऊब लागते, पिशव्यांवरचे आकडेसुद्धा हे धरूनच दोन वेगवेगळे देतात. माझी बायको आणि मी एकाच गादीवर झोपतो आणि पांघरुणं मात्र दोन लागतात, त्यामुळे मला हे कुणी पटवून द्यायची गरज नाही.

ह्या आकड्याची एक सोय म्हणजे त्याची बेरीज होते. २ वर २ ठेवला की ४. आपल्या आया सतरंजीवर वाकळ आणि वाकळीवर गोधडी टाकायच्या, तोच हिशोब.

प्रकार तीन. त्यातल्या फोमबद्दल मी जरा जास्त बोलणार, कारण तो माझ्या हातातला माल आहे.

फोम दोन जातीचा. आपल्या सोफ्याचा, गादीचा, ३२ डेन्सिटी, ४० डेन्सिटी म्हणून जो विकतो, तो उघड्या छिद्रांचा. त्याची छिद्रं एकमेकांत उघडतात. दुसरा बंद छिद्रांचा, त्यात प्रत्येक बुडबुडा आपापला सीलबंद. ट्रेकच्या चांगल्या फोम मॅटा ह्या दुसऱ्या जातीच्या असतात, ईव्हीए किंवा एक्सएलपीई नावानं मिळतात. ओळखायचं कसं? तुकड्याला तोंड लावा आणि जोरात फुंका. पलीकडे ठेवलेल्या हाताला वारा लागला तर उघडा. मग तोच तुकडा बादलीत बुडवून पाण्यातच मुठीत दाबा आणि सोडा. उघड्या जातीचा पाणी ढसाढसा पितो आणि जड होऊन बसतो. बंद जातीचा नुसता तरंगतो, फडक्यानं पुसला की कोरडा. तंबूत जमीन ओली असतेच, श्वासाचं दवही पडतं, आणि पाण्यातून उष्णता हवेपेक्षा वीस पटींहून जास्त सहज निघून जाते. म्हणून गादीच्या फोमचा तुकडा कापून नेऊ नका. गिऱ्हाईक मागतं, 'दोन इंच द्या, गुंडाळून नेतो' म्हणतं, आणि मी नाही म्हणतो. धंदा बुडाला तरी चालेल.

बंद छिद्रांच्या सपाट फोमची आर-व्हॅल्यू जाडीच्या एका सेंटिमीटरला साधारण एक ते दीड येते. म्हणजे योगा मॅट सहा मिलिमीटरची, ती एकच्या आत. सूर्यनमस्काराला ठीक, बर्फाला नाही. अंड्याच्या ट्रेसारखे खळगे असलेली घडीची मॅट मिळते. थर्म-अ-रेस्ट ह्या अमेरिकी ब्रँडची झी लाइट सोल त्यातली नावाजलेली, दोन सेंटिमीटर जाड, साधारण ४१० ग्रॅम, आर-व्हॅल्यू २. फोमला पंक्चर नाही, फुगवणं नाही, चहाला बसायला झटकन काढता येते. वाईट एवढंच की घडी सॅकच्या बाहेर बांधावी लागते आणि झाडाझुडपात अडकते. आणि हो, फोम बसतो. रोज दाबला जाऊन त्यातले बुडबुडे फुटतात, जाडी कमी होते, ऊब तितकीच कमी होते. जुनी मॅट घेणार असाल किंवा भाड्याची मिळणार असेल तर कडेची जाडी आणि मधली जाडी अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरून बघा. फरक लागला तर समजा गादी बसली. मला त्या रात्री दिलेल्या मॅटीची मी अशी चिमूट घेतली असती तर ही सगळी कहाणीच झाली नसती.

दुसरा प्रकार आपोआप फुगणारा. आत उघड्या छिद्रांचा फोम, वरून हवाबंद कापड, कोपऱ्यात व्हॉल्व्ह. व्हॉल्व्ह उघडला की दाबलेला फोम उसळतो आणि हवा आत ओढतो. ही कल्पना अमेरिकेतल्या सिएटलजवळ बोइंगमधून नोकरी गेलेल्या दोघा इंजिनियरांनी एका मित्राच्या साथीनं प्रत्यक्षात आणली आणि १९७२ मध्ये कंपनी काढली, त्यातूनच थर्म-अ-रेस्ट आलं. १९७२ म्हटलं की आमच्याकडे म्हाताऱ्यांना फक्त दुष्काळ आठवतो, खडी फोडायची कामं आणि सुकडी. इकडे पोटाची पंचाईत, तिकडे कुणी फोमला खोळ शिवत होतं. फोमला हवाबंद खोळ! हे खरं तर एखाद्या गादीवाल्यालाच सुचायला हवं होतं. असो. झोपायला हा प्रकार आरामाचा, पण ऊब जास्त पाहिजे तर वजन चढतं. मोटारसायकलवर किंवा जीपनं जाणार असाल तर जरूर घ्या, पाठीवर वाहायचा असेल तर पुढचा बघा.

तिसरा, नुसत्या हवेचा. ह्यात लोक सगळ्यात जास्त फसतात. पोहायच्या गादीसारखा साधा हवेचा पॅड कितीही जाड असो, थंडीत निकामी. का, तर आतली हवा मोकळी फिरते. वरची तुमच्या पाठीनं गरम होते, खालची जमिनीनं गार होते, कूस बदलली की दोन्ही मिसळतात आणि तुमची ऊब जमिनीला पोचती होते. अब्बांच्या भाषेत, हवा आहे पण अडकलेली नाही. म्हणून चांगल्या पॅडच्या पोटात काहीतरी भरलेलं असतं. कुणी फायबर भरतं, कुणी पिसं, कुणी चकचकीत पातळ पडद्यांचे आडवे-तिरपे कप्पे करतं. ह्या चकचकीत पडद्यांमुळे वजन फार खाली येतं. थर्म-अ-रेस्टचाच नीओएअर एक्सलाइट एनएक्सटी साधारण ३७० ग्रॅमचा आणि आर-व्हॅल्यू साडेचार, त्याच घरातला एक्सथर्म एनएक्सटी साधारण ४४० ग्रॅमचा आणि आर-व्हॅल्यू ७.३. म्हणजे सत्तर ग्रॅम जास्त उचलले की थेट बर्फावर झोपता येतं. सत्तर ग्रॅम म्हणजे बिस्किटांचा एक छोटा पुडा. किंमत मात्र पाच आकडी, त्यामुळे वर्षाला एक रात्र जाणाऱ्यानं ह्या भानगडीत पडू नये.

चकचकीतवरून आठवलं. गाडीच्या काचेला लावायचा चंदेरी पडदा अंथरा, ऊब परत येते, असं सांगणारे भेटतात. चंदेरी पृष्ठभाग उष्णता परत फेकतो हे खरं, पण त्याच्यासमोर हवेची पोकळी असेल तरच. तुमची पाठ एकीकडून आणि जमीन दुसरीकडून त्याला चिकटलेली असेल तर फेकायचं कुठं? तो पडदा ओल अडवायला चांगला, तेवढंच काम त्याला द्या.

हवेचा पॅड घेताना आणखी काही गोष्टी. तोंडानं फुगवू नका. श्वासात ओल असते, ती आत जाऊन बसते, थंडीत गोठते आणि पुढे बुरशी धरते. सोबत हवा भरायची पिशवी येते, तिचं तोंड व्हॉल्व्हला लावायचं, वरून हवा कोंडायची आणि गुंडाळत दाबायची. तीन-चार पिशव्यांत काम होतं, शिवाय ३,४०० मीटरवर फुंकून फुंकून गरगरत नाही. दुसरं, रात्री पॅड मऊ पडला तर लगेच पंक्चर म्हणून घाबरू नका. २५ अंशांतली हवा शून्यावर आली की साधारण आठ टक्के आक्रसते. संध्याकाळी फुगवा, अर्ध्या तासानं बाहेरच्या गारव्याइतका झाला की परत दोन फुंका मारा, म्हणजे पिशवीनंच, तोंडानं नव्हे.

लांबी-रुंदी दुकानात उभं राहून कळत नाही. साधारण मापाचा पॅड १८३ सेंटिमीटर लांब आणि ५१ रुंद असतो. सरळ पाठीवर झोपणाऱ्याला पुरतो. कुशीवर झोपणाऱ्याचा गुडघा बाहेर जातो आणि बर्फाला टेकतो, त्यानं ६४ रुंदीचा बघावा. कुशीवर झोपणाऱ्यानं जाडीही बघावी, सात-आठ सेंटिमीटर, नाहीतर कमरेचं हाड जमिनीला लागतं आणि तिथली हवा दाबून ऊब जाते. वजन वाचवायला १२० सेंटिमीटरचा आखूड पॅडही मिळतो, पायाखाली रिकामी सॅक टाकायची. उन्हाळ्यात चालतं. बर्फात मी हा शहाणपणा करणार नाही.

आता माझी घरची परीक्षा. हिला पैसे लागत नाहीत आणि मॅट परत करायची मुदत संपायच्या आत ती उरकून घ्यावी. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पाचला उठा. घरात शहाबादी फरशी असेल तर ती त्या वेळी अशी गार असते की अनवाणी पाय टाकवत नाही. तीच आपली बर्फाची जमीन. पॅड अंथरा, अंगात एक बनियन-शर्ट, वरून नेहमीचं पांघरूण, आणि अर्धा तास हलू नका. पहिली दहा मिनिटं सगळेच पॅड बरे वाटतात. वीस मिनिटांनंतर लक्ष द्यायचं ते तीन जागांवर: खांद्याचं हाड, कंबर, टाच. तिथं गारवा चढत असेल तर हा पॅड आपल्या फरशीलाही पुरत नाही, हिमालयाला कुठून पुरणार. मी नवीन पॅड आणला की अब्बा मुद्दाम ही परीक्षा घ्यायला झोपतात. चकचकीत पडद्यांचा तो महागडा पॅड आणला तेव्हा कूस बदलली की कुरकुर वाजायचा. अब्बा पाच मिनिटांत उठून बसले, "चिवड्याच्या पुड्यावर झोपवलंस मला." आवाज होतो हे खरं आहे. हलकी झोप असेल तर हेही विकत घ्यायच्या आधी हलवून ऐका.

आपल्या भागात हवेच्या पॅडचा खरा वैरी थंडी नाही, सराटा आहे. येलदरीच्या काठावर मागच्या हिवाळ्यात जागा हातानं झाडली, खडे वेचले, आणि बाभळीचा एक काटा तरी निसटलाच. पहाटे तीनला कंबर जमिनीला लागली. तेव्हापासून आमची रचना ठरलेली: खाली फोमची पातळ मॅट, तिच्यावर हवेचा पॅड. काटे फोम सोसतो, आणि आर-व्हॅल्यूची बेरीजही होते. हवेचा फुटलाच तर फोमवर रात्र निभते. वजन वाढतं, मान्य. पण एकाच महागड्या पॅडच्या भरवशावर रानात रात्र काढणाऱ्याला मी झोपताना पाहिलंय, आणि झोप न लागतानाही पाहिलंय. जागा निवडताना अगदी पाण्याला लागून, खोलगट ठिकाणी तंबू ठोकू नका. गार हवा जड, ती खाली जाऊन साठते. दहा-वीस पावलं वर चढलात तरी फरक कळतो. आणि अभयारण्याच्या हद्दीत, गौताळ्यासारख्या ठिकाणी, वनखात्याची परवानगी घेतल्याशिवाय मुक्काम करायचा नाही.

पंक्चर काढायचं काम मित्राचं. त्यानं पॅड फुगवून घमेल्यात बुडवत बुडवत नेला, पण भोक इतकं बारीक की बुडबुडा सापडेना. मग साबणाचा फेस बोटानं घासत गेला, आणि एका जागी फेसाचा मण्याएवढा फुगा आला, गेला, परत आला. पेनानं गोल केला. सायकलचं सोल्युशन आणि रबरी तुकडा लावला, कारण त्याला तेच येतं. दोन दिवसांत निघाला. ट्यूबचं रबर वेगळं, पॅडचं नायलॉन आणि त्याचा लेप वेगळा. पॅडसोबत आलेलंच ठिगळ घ्यायचं, जागा सॅनिटायझरनं पुसून कोरडी करायची, पॅडमधली हवा पूर्ण काढून सपाट फरशीवर ठिगळ दाबायचं आणि वर वरवंटा ठेवून रात्रभर सोडायचं. ते ठिगळ अजून आहे.

घरी परतल्यावर पॅड गुंडाळून माळ्यावर फेकू नका. आत फायबर असो की फोम, दाबून राहिला की बसतो, गादीसारखाच. व्हॉल्व्ह उघडा ठेवून पलंगाखाली सपाट पसरून ठेवा. आमचा तिथं असतो. फक्त शेजारच्या मांजरीला ती जागा फार आवडते आणि ती झोपायच्या आधी नखं काढून अंथरूण चाचपते, म्हणून आता त्यावर एक जुनी वाकळ टाकून ठेवतो.